‘इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉज (ए)’ : लॉकचा दरवाजा तुटल्यावर कळलेली एक विमा पॉलिसी

परदेशातून माल मागवणाऱ्या मुंबईतल्या लहान व्यापाऱ्याच्या लेखी समुद्री मालविम्याची पॉलिसी म्हणजे बहुधा बँकेने मागितलेला आणखी एक कागद असतो. दारूखान्यातल्या, म्हणजे मुंबईच्या भंगार-पोलादाच्या बाजारातल्या, आमच्या पेढीतही ती अनेक वर्षे तशीच होती. दर वर्षी दलालाचा माणूस येई, खुल्या पॉलिसीचे नूतनीकरण करून जाई, प्रत्येक खेपेचा तपशील आम्ही कळवत असू आणि पॉलिसीला जोडलेली बारीक टाइपातली इंग्रजी पाने फायलीत जशीच्या तशी पडून राहत. व्यापारात जिला सर्रास ‘ऑल रिस्क’ (सर्व जोखमी) म्हणतात ती ही ‘इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉज (ए)’. डिसेंबर २०२४ मध्ये जर्मनीतल्या मोझेल नदीवर एका मालवाहू जहाजाने म्युडेन येथील लॉकचा (जहाजांना एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणाऱ्या हौदाचा) दरवाजा तोडला, आमच्या पोलादी प्लेटी घेऊन येणारी बार्ज (नदीतून माल नेणारे जहाज) त्या लॉकच्या वरच्या अंगाला अडकली आणि ती पाने पहिल्यांदाच शब्दन् शब्द वाचण्याची पाळी आली. हे परीक्षण त्या पॉलिसीचे आहे. विमा कंपनीचे आणि दलालाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ही कलमे लंडनच्या विमा बाजारात तयार झालेली असून कोणत्याही कंपनीकडे गेलात तरी मजकूर तोच मिळतो. सध्या चालू असलेला मसुदा १ जानेवारी २००९ चा आहे.

आधी अपघाताविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण लॉकचा अपघात आणि भर समुद्रातला अपघात यांत फरक आहे आणि पॉलिसीची खरी परीक्षा त्या फरकातच झाली. लॉक, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकातला जलपाश, मुंबईकराला अगदीच अनोळखी नसावा. बॅलार्ड पिअरच्या मागच्या इंदिरा गोदीत जहाज शिरते ते लॉकमधूनच. बाहेर भरती-ओहोटीने पाणी कित्येक फूट वरखाली होत असते आणि आतल्या पाण्याची पातळी राखून ठेवायची असते, म्हणून तोंडाशी ७५० फूट लांब आणि १०० फूट रुंद असा दोन्ही टोकांना दरवाजे असलेला हौद बांधलेला आहे. ही गोदी अलेक्झांड्रा डॉक या नावाने १९१४ साली सुरू झाली. पनामा कालवा त्याच वर्षी खुला झाला आणि जर्मनीतल्या कील कालव्याची मोठी लॉकही त्याच वर्षीची, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो. मोझेल नदीवरची लॉक मात्र खूप नंतरची आहेत. फ्रान्स, जर्मनी आणि लक्झेंबर्ग यांनी १९५६ साली करार करून ही नदी बंधारे आणि लॉक यांच्या साहाय्याने पायऱ्या-पायऱ्यांची केली आणि १९६४ पासून तीवर मोठी मालवाहू जहाजे चालू लागली. ऱ्हाइन नदीवरच्या कोब्लेन्झपासून वर जाऊ लागले की म्युडेन हे तिसरे लॉक लागते.

म्युडेनला एकच हौद आहे आणि त्याची रुंदी १२ मीटर. या नदीवर ११.४५ मीटर रुंदीपर्यंतच्या जहाजांना परवानगी आहे. म्हणजे शे-सव्वाशे मीटर लांबीचे, पोलादाने किंवा भंगाराने भरलेले धूड आत शिरते तेव्हा दोन्ही बाजूंची मोकळी जागा मिळून अर्धा मीटरभर भरते. एवढ्या जागेत जहाज हळूहळू पुढे सरकवून दरवाज्याआधी थांबवायचे असते. ८ डिसेंबर २०२४ रोजी, रविवारी, एक जहाज थांबले नाही आणि खालच्या बाजूच्या दरवाज्यावर जाऊन आदळले. दरवाजा निकामी झाला की हौदात पाणी भरता येत नाही आणि पाणी भरता आले नाही की जहाजाला वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर उतरवता येत नाही. त्या वेळी वरच्या अंगाला सुमारे ७० जहाजे होती आणि त्यांना ऱ्हाइनकडे जायला पाण्यातून दुसरी वाटच नव्हती. आमची बार्ज त्यांतली एक. सार नदीकाठच्या कारखान्यातून निघून, कोन्झपाशी मोझेलमध्ये येऊन, ती अँटवर्पला जायची होती आणि तिथून माल मुंबईच्या जहाजावर चढायचा होता.

आमच्या फॉरवर्डरचा, म्हणजे मालाच्या वाहतुकीची व्यवस्था पाहणाऱ्याचा, ईमेल सोमवारी दुपारी आला. त्यात दोनच ओळी होत्या आणि दुसरी अशी होती की दुरुस्तीला मार्चअखेरपर्यंत वेळ लागू शकतो. मी पहिला फोन दलालाकडे केला आणि ऐटीत सांगितले, ‘‘आपली ऑल रिस्क आहे ना? मग दावा टाकून द्या.’’ पलीकडच्या बाई अनुभवी होत्या. त्यांनी एवढेच विचारले, ‘‘काका, मालाला काय झालंय?’’ मालाला काहीच झाले नव्हते. तो एका सुंदर दरीत, द्राक्षमळ्यांच्या पायथ्याशी, जहाजाच्या पोटात निवांत पडून होता.

इथेच या पॉलिसीचा पहिला आणि सर्वांत मोठा धडा आहे. ‘ऑल रिस्क’ या बोलीतल्या नावाने जो समज होतो, त्याला कलम ४.५ ने स्पष्ट छेद दिला आहे. विलंबामुळे झालेली हानी, नुकसान किंवा खर्च ही पॉलिसी देत नाही, आणि तो विलंब विम्यात समाविष्ट असलेल्या संकटामुळेच झालेला असला तरीही देत नाही. हा विमा कंपन्यांचा नवा कावा आहे असेही म्हणता येत नाही, कारण आपल्याकडच्या १९६३ च्या सागरी विमा कायद्याच्या कलम ५५ मध्ये हेच तत्त्व आहे आणि ते १९०६ च्या ब्रिटिश कायद्यातून जसेच्या तसे आलेले आहे. उलट दुसऱ्या अंगाने पाहिले तर पॉलिसी उदार आहे. कलम ८.३ सांगते की विमाधारकाच्या हाताबाहेरच्या विलंबाच्या काळात संरक्षण चालूच राहील. म्हणजे आमची बार्ज म्युडेनच्या वर महिनाभर उभी राहिली तरी त्या महिन्यात तिला आग लागली, ती बुडाली किंवा माल चोरीला गेला, तर भरपाई मिळाली असती, आणि त्यासाठी एक रुपयाही जास्त प्रीमियम द्यावा लागला नसता. थोडक्यात, उशीर होत असताना विमा जागा असतो, पण उशिराची किंमत मोजायला तो तयार नसतो. लॉकच्या अपघातात मुख्य नुकसान उशिराचेच असते, ही खरी अडचण.

मी एवढ्यावर थांबलो नाही, आणि या प्रकरणाचा जो भाग मला सर्वांत उद्बोधक वाटला तो यानंतरचा आहे. फॉरवर्डरने सुचवले की बार्ज जवळच्या एखाद्या धक्क्याला लावून प्लेटी क्रेनने उतरवाव्यात आणि ट्रेलरने अँटवर्पला न्याव्यात. खर्च बराच होता. मला वाटले, नुकसान टाळण्यासाठी वाजवी उपाय करणे हे विमाधारकाचे कर्तव्य आहे आणि त्याचा खर्च कंपनी देते असे कलम १६ मध्ये लिहिलेले आहे, तर हा खर्च त्यात बसावा. दलालाच्या बाईंनी उत्तर पाठवले आणि ते वाचून मी निमूटपणे मान डोलावली. जे नुकसान झाले असते तर कंपनीने भरून दिले असते, ते टाळण्याचाच खर्च कंपनी देते. उशिराचे नुकसान मुळात देयच नाही, म्हणून उशीर टाळण्याचा खर्चही देय नाही. मग मी कलम १२ काढले. त्यात विम्यातल्या संकटामुळे प्रवास वाटेतच संपला तर माल उतरवण्याचा, साठवण्याचा आणि पुढे पाठवण्याचा जादा खर्च मिळतो. पण आमचा प्रवास संपलेला नव्हता, फक्त खोळंबला होता. नदी प्राधिकरणाने तर लॉक दुरुस्त करणार असल्याचे जाहीरच केले होते. दरवाजा एका बाजूने लावला की दुसऱ्या बाजूने फट राहू नये, अशी या मसुद्याची बांधणी आहे. लॉक बांधणाऱ्यांनीही हेवा करावा इतकी ती चोख आहे.

जर्मन यंत्रणेचे कौतुक इथे केले पाहिजे, जरी हे परीक्षण त्यांचे नसले तरी. तुटलेल्या दरवाज्याच्या जागी देखभालीच्या वेळी वापरायचे आडवे अडसर क्रेनने एकावर एक बसवायचे, हौद भरायचा, जहाज आत घ्यायचे, पाणी उतरवायचे, मग ते सगळे अडसर पुन्हा काढून जहाज बाहेर सोडायचे, अशा कष्टाच्या रीतीने त्यांनी एकेक जहाज खाली आणले. एरवी मिनिटांत होणाऱ्या कामाला प्रत्येक वेळी कित्येक तास लागत. आमच्या बार्जचा नंबर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात लागला. नवे दरवाजे बसून लॉक नेहमीच्या वाहतुकीला फेब्रुवारी २०२५ च्या सुरुवातीला, म्हणजे जाहीर केलेल्या मुदतीच्या बऱ्याच आधी खुले झाले. तोवर आमचे अँटवर्पचे जहाज अर्थातच निघून गेले होते. एलसीतली (बँकेच्या पतपत्रातली) शिपमेंटची शेवटची तारीख उलटल्याने सुधारणेचे शुल्क भरावे लागले आणि ठाण्याच्या ज्या गिऱ्हाइकाला प्लेटी द्यायच्या होत्या त्याने करारातला आठवड्याला अर्धा टक्का दंड कापून घेतला. यांतले काहीही पॉलिसीतून मिळाले नाही.

असे अपघात विरळा असतात असे कोणी म्हणेल तर ते तितकेसे खरे नाही. १९ फेब्रुवारी २०१८ रोजी ‘अकासिया’ नावाचे कंटेनर जहाज कील कालव्याच्या होल्टेनाऊ येथील लॉकमध्ये न थांबता सरळ दरवाज्यात घुसले आणि त्याचे नाक दरवाज्यातच रुतून बसले. कॅनडातल्या वेलँड कालव्यावर १४ ऑक्टोबर १९८५ रोजी तर जहाजाची चूक नसताना लॉक क्रमांक ७ ची भिंतच आतल्या ‘फ्युरिया’ या जहाजाशेजारी ढासळली आणि कालवा तीन आठवड्यांहून अधिक काळ बंद राहिला. या दोन्ही ठिकाणी रांगेत थांबलेल्या मालधन्यांचा माल धड होता आणि वेळ मात्र गेला होता. दरवाज्याच्या दुरुस्तीचा खर्च धडक देणाऱ्या जहाजाच्या मालकाकडून आणि त्याच्या दायित्व विम्याकडून वसूल करण्याचा प्रयत्न होतो. रांगेतल्या मालधन्याच्या हाती त्यातून सहसा काही पडत नाही.

आता पॉलिसीची दुसरी बाजू, आणि तिच्यामुळेच मी नूतनीकरण नाकारले नाही. आमचा माल रांगेतल्या बार्जवर नसून धडक देणाऱ्या जहाजावरच असता तर काय झाले असते, याचा विचार करावा. तिथे जनरल ॲव्हरेज लागू होण्याची शक्यता असते. संपूर्ण जहाज आणि माल वाचवण्यासाठी जाणूनबुजून केलेला असाधारण खर्च किंवा त्याग जहाजमालक आणि सर्व मालधनी यांनी आपापल्या किमतीच्या प्रमाणात वाटून घ्यायचा, असा हा फार जुना दर्यावर्दी रिवाज आहे. सुएझ कालव्यात, जिथे एकही लॉक नाही, २३ मार्च २०२१ रोजी ‘एव्हर गिव्हन’ आडवे अडकले, २९ मार्चला सुटले आणि १ एप्रिलला जहाजमालकाने जनरल ॲव्हरेज जाहीर केले. ज्यांच्या कंटेनरला ओरखडाही आला नव्हता त्यांनाही हमी दिल्याशिवाय माल मिळेना. विमा असलेल्यांच्या वतीने विमा कंपनी हमीपत्र देते. विमा नसलेल्याला रोख ठेव ठेवावी लागते आणि हिशेब मिटायला वर्षे लागू शकतात. या पॉलिसीच्या कलम २ मध्ये हा वाटा समाविष्ट आहे. लहान व्यापाऱ्याने मालविमा घ्यावा तो मुख्यतः याच एका कलमासाठी, असे माझे मत झाले आहे. माल फुटेल की नाही हे पॅकिंगवरून थोडेफार सांगता येते, पण दुसऱ्याच्या जहाजाच्या संकटात आपल्याला किती वाटा उचलावा लागेल हे कोणीच सांगू शकत नाही.

प्लेटी अखेर मार्चमध्ये मुंबईला आल्या आणि जहाज लागले ते इंदिरा गोदीतच. एका लॉकने अडवलेला माल दुसऱ्या लॉकमधून घरी आला. उतरवताना एक प्लेट स्लिंगमधून (क्रेनच्या उचलदोरातून) निसटून होल्डच्या, म्हणजे जहाजाच्या मालकोठीच्या, कडेवर आदळली आणि तिचा कोपरा वाकला. शिवाय बऱ्याच प्लेटींवर तांबूस गंजाचा थर दिसत होता. विमा कंपनीने दुसऱ्याच दिवशी परवानाधारक सर्व्हेअर पाठवला. निवृत्त चीफ इंजिनिअर असावेत असे वागण्या-बोलण्यावरून वाटले. त्यांनी आधी वाकलेल्या कोपऱ्याभोवती खडूने रेघ मारली, टेपने मापे घेतली आणि फोटो काढले. मग पिशवीतून काळपट तपकिरी काचेची लहानशी बाटली आणि ड्रॉपर काढला. बाटलीत सिल्व्हर नायट्रेट होते. गंजलेल्या जागी त्यांनी थोडे शुद्ध पाणी लावले आणि त्यावर दोन थेंब सोडले. समुद्राचे पाणी लागलेले असेल तर त्यातल्या क्लोराइडमुळे थेंब दुधासारखा पांढरा होतो. आम्ही दोघे आणि गोदीचे दोन कामगार वाकून पाहत होतो. थेंब पाण्यासारखाच राहिला. त्यांनी चार प्लेटींवर तेच केले आणि उभे राहून म्हणाले, ‘‘शेठ, हा खारा गंज नाही. गोड्या पाण्याचा आहे. कुठेतरी दमट जागी उभा होता माल.’’ कुठे उभा होता ते मला चांगलेच ठाऊक होते.

आमच्या पॉलिसीला जोडलेल्या एका पुरवणी अटीत पोलादाचा गंज वगळलेला होता आणि समुद्राच्या पाण्याने आलेला गंज तेवढा समाविष्ट होता. पोलादाच्या मालाला अशी अट बहुतेक लावतातच, कारण उघड्या पोलादावर थोडा गंज येणे हा त्याचा स्वभावच आहे. म्हणजे म्युडेनच्या थंडीत, ओल्या हवेत बार्जच्या पोटात साचलेल्या दवाने आणलेला हा गंज आमच्याच खात्यावर पडला. वाळूच्या झोताने प्लेटी साफ करून घेतल्या आणि गिऱ्हाइकाला दिल्या. वाकलेल्या कोपऱ्याचा दावा मात्र पूर्णपणे मान्य झाला. तो भाग कापून टाकावा लागला, कापलेल्या तुकड्याची भंगाराची किंमत वजा झाली आणि ठरलेली वजावट कापून उरलेली रक्कम खात्यात जमा झाली. भंगाराचा भाव ठरवताना सर्व्हेअरनी माझे मत विचारले. दारूखान्यातल्या माणसाला भंगाराचा भाव विचारणे हा सन्मान होता की परीक्षा, हे मला अजून ठरवता आलेले नाही. मी खरा भाव सांगितला.

सेवेबद्दल दोन गोष्टी नोंदवतो. कागदपत्रांच्या बाबतीत कंपनीने वाजवीपेक्षा जास्त त्रास दिला नाही. बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती), इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, सर्व्हे अहवाल आणि जहाज कंपनीला आम्ही दिलेले नुकसानीचे पत्र एवढेच मागितले. यांतले शेवटचे पत्र आमच्या क्लिअरिंग एजंटने माल उचलण्याआधीच दिले म्हणून बचावलो. निमूटपणे ‘माल सुस्थितीत मिळाला’ अशी सही करून माल उचलला असता, तर जहाज कंपनीविरुद्ध दाद मागण्याचा विमा कंपनीचा हक्क कमकुवत झाला असता आणि तिने तो मुद्दा आमच्या दाव्याविरुद्ध वापरला असता. खटकले ते एवढेच की गंजाच्या अटीची आठवण पॉलिसी विकताना कोणी करून दिली नव्हती. पोलादाचा व्यापारी पोलादाचा विमा घेतो आहे आणि गंजाविषयी अवाक्षर निघत नाही, ही ग्राहकसेवा नव्हे.

ज्यांना ही पॉलिसी घ्यायची आहे त्यांनी खरेदीच्या अटींकडे आधी पाहावे. सीआयएफ (किंमत, विमा आणि भाडे मिळून) अटीवर माल घेतला तर विमा विक्रेत्याने काढायचा असतो आणि इन्कोटर्म्स २०२०, म्हणजे आंतरराष्ट्रीय खरेदी-विक्रीच्या प्रमाण अटी, यांनुसार त्याने फक्त (सी) क्लॉजचा किमान विमा काढला तरी चालतो. त्यात आग, बुडणे, टक्कर अशी मोजकीच संकटे येतात आणि आमच्या वाकलेल्या कोपऱ्यासारखी गोष्ट येत नाही. सीआयपी (भाडे आणि विमा विक्रेत्याने भरायचा) अटीवर मात्र (ए) क्लॉजचाच विमा काढणे बंधनकारक आहे. एफओबी अँटवर्प (अँटवर्पच्या जहाजावर माल चढेपर्यंत जबाबदारी विक्रेत्याची) अशी अट असेल तर बार्जवरच्या प्रवासाची जोखीम विक्रेत्याची असते. आम्ही माल कारखान्याच्या दारातून एफसीए अटीवर, म्हणजे तिथूनच जोखीम आमच्याकडे येईल अशा अटीवर, घेतला, दरात थोडा फायदा झाला म्हणून, आणि त्यासोबत मोझेल नदीही विकत घेतली हे आमच्या लक्षात आले नाही.

पाचपैकी गुण द्यायचे झाले तर मी पॉलिसीला साडेतीन देईन. प्रीमियम मालाच्या किमतीच्या मानाने इतका किरकोळ आहे की त्यापोटी मिळणारे जनरल ॲव्हरेजचे संरक्षण एकटेच त्याची किंमत वसूल करते. दीड गुण कापला आहे तो उशिरासाठी आणि गंजासाठी. उशिराचा वेगळा विमा मिळतो का, हे मी दलालाच्या बाईंना विचारले. ‘डिले इन स्टार्ट-अप’ नावाचे संरक्षण असते, पण ते वीजप्रकल्पासारख्या मोठ्या प्रकल्पांच्या यंत्रसामग्रीसाठी. आमच्यासारख्याच्या प्लेटींच्या खेपेला कोणी ते देणार नाही, असे त्यांनी सांगितले. म्हणून या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी दोन गोष्टी केल्या. गंजाची वगळणूक काढून टाकण्यासाठी जादा प्रीमियम भरला, आणि ठाण्याच्या गिऱ्हाइकाबरोबरच्या नव्या करारात ‘जलमार्ग अथवा लॉक बंद पडल्यामुळे झालेल्या विलंबाला दंड लागणार नाही’ अशी एक ओळ घालून घेतली. ती वाचून त्यांचे खरेदी अधिकारी हसले आणि म्हणाले की आजवर कोणीही त्यांच्याकडे असली अट मागितली नव्हती. सही मात्र त्यांनी केली.